तू गोड म्हटलेलं पाणी

वैनी, तुझ्या तेरवीला तुझ्या लेकानं, प्रमोदनं, पाण्याचे जार मागवले होते. आर्वीहून गाडी आली, मांडवाच्या कडेला निळे जार ओळीनं ठेवले, आणि तुझ्या माहेरची केळझरची माणसं, गल्लीतली माणसं, सगळे प्लास्टिकच्या ग्लासातून ते पाणी प्यायले. "मस्त थंड आहे," कोणीतरी म्हणालं. पाण्याविषयी तेवढंच बोलणं झालं. तुझ्या घरी लोकांनी पाणी प्यावं आणि ते कसं आहे याची कोणी चौकशी करू नये, असं याआधी कधी झालं नसेल. मीही ग्लास हातात घेतला आणि ओठाजवळ आणून थांबले. तू आधी पिऊन सांगशील, मग आपण प्यावं, अशी माझ्या हाताची सवय. तुझी सून रूपाली जवळच पत्रावळी मांडत होती. तिनं विचारलं, "आत्या, पाण्यात काही पडलं का?" मी नाही म्हटलं आणि ग्लास तसाच खाली ठेवला.

हे आता रोज होतं. पुलगावला माझ्या स्वयंपाकघरात मी फिल्टरखाली ग्लास धरते, भरते, उचलते, आणि ओठाशी येईपर्यंत मध्ये कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मी तुझ्या शब्दाची वाट पाहते. तो येत नाही. मग मी पाणी पिते आणि ते मला कसलंच लागत नाही.

तू लग्न होऊन रोहण्याला आलीस तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते. आई माझ्या लहानपणीच गेली होती. घरात बाबा, दादा आणि मी. नव्या नवरीशी काय बोलायचं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादा तुला वाडीत घेऊन गेला. गावाला लागूनच आपली भाजीची वाडी, मेथी, पालक, वांगी, आपला सांभार म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर, आणि गल्लीच्या बाजूला ती विहीर. मी तुमच्या मागेमागे आले होते. तू बादली सोडलीस, ओढलीस, ओंजळीनं प्यायलीस आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हसलीस.

"गोड आहे तुमच्या घरचं पाणी," तू म्हणालीस. दादा असा लाजला, जसं काही ते पाणी त्यानंच तयार केलं होतं.

तुझ्या माहेरच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. मचूळ हा शब्द मी तुझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. खारंही नाही, गोडही नाही. प्यायल्यावर तहान जाते, पण जीभ रुसून बसते. मग हळूहळू तुझ्याकडून सगळेच शब्द माझ्याकडे आले. ज्यात डाळ शिजत नाही आणि जे पोटात जाऊन बसून राहतं ते जड. जे प्यायल्यावर घटकाभरात भूक लागते ते हलकं. पावसाळ्यातलं गढूळ, आणि तुरटी फिरवल्यावर होतं ते निवळ. "पण निवळ म्हंजे गोड नाई हो कुंदा," तू सांगायचीस, "निवळ डोळ्याले दिसते. गोड जिभेलेच समजते." ताकालाही तुझे शब्द होते, उसाच्या रसालाही. आणि सगळ्यांच्या वर दोन मोठी नावं: प्याचं आणि वापराचं. घरातला पितळी गुंड प्याचा, अंगणातली टाकी वापराची. माझ्या हातून एकदा टाकीतला पेला गुंडात बुडाला तर तू गुंड उपडा केलास आणि पुन्हा विहिरीवर गेलीस.

पुढे मी मास्तरीण झाले. वर्गात विशेषण शिकवताना फळ्यावर 'पाणी' लिहायचे आणि मुलांना म्हणायचे, आता याच्या आधी एकेक शब्द लावा. मुलं थंड म्हणायची, गरम म्हणायची, फिल्टरचं म्हणायची आणि थांबायची. मग मी तुझे शब्द काढायचे. मचूळ म्हटल्यावर पोरं हसायची. मी रोहण्याला आले की तुला ते सांगायचे आणि तू विचारायचीस, "हसले काऊन? त्यायनं कधी पेलंच नाई का?"

आता दादाचं.

त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि मोटारीच्या पाइपात गाळ अडकला होता. दादा दुपारी एकटाच खाली उतरला. खाली हवा नव्हती. तू त्याची भाकर घेऊन वाडीत आलीस तेव्हा काठावर त्याच्या चपला होत्या आणि दोर सैल लोंबत होता. तू आवाज दिलास. हे तू मला एकदाच सांगितलंस, नंतर कधी नाही: तू वरून आवाज देत राहिलीस आणि खालून तुझाच आवाज परत येत राहिला. बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेला प्रमोद धावत आला. तो तसाच उतरायला निघाला होता. लोकांनी त्याला धरून ठेवलं. कडुनिंबाची मोठी फांदी दोराला बांधून खालीवर केली, हवा हलवली, मग त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला सोडलं. त्यानं बापाला वर आणलं. मी पुलगावहून पोचले तेव्हा दादा अंगणात होता आणि प्रमोद, ओल्या कपड्यांनी, भिंतीला टेकून.

तेरवी झाल्यावर मोटार लावून विहीर पूर्ण उपसली. नवं पाणी आलं. तरी गल्लीतल्या बायका तिकडे फिरकेनात. नळ तर उन्हाळ्यात येतच नव्हता. त्या लांबच्या हातपंपावर जायच्या, पण आपल्या विहिरीवर नाही. पाणी बाटलं म्हणाले. कोणाला भर दुपारी विहिरीचं चाक आपोआप फिरल्याचं ऐकू आलं, कोणाला काठावर दादाचा खांद्यावरचा दुपट्टा दिसला. बुजवून टाका, असंही कोणी सुचवलं. मग एकीनं तोड काढली, की वापरायला घेऊ, कपडे धुवायला, ढोरांना, प्यायला नको. आणि तो शब्द चिकटला. ज्या पाण्याला तू आल्या-आल्या गोड म्हटलं होतंस ते आता वापराचं झालं होतं. मला तेव्हा वाटलं, दादा दुसऱ्यांदा गेला.

पण एक दिवस हातपंपही कोरडा पडला आणि बायका रिकामे गुंड घेऊन आपल्या वाडीवरून परत चालल्या होत्या. मी त्या दिवशी तिथं होते. तू मेथी निंदत होतीस. उठलीस, हात झटकलेस, विहिरीवर गेलीस आणि बादली सोडलीस. बायका थांबल्या. तू सगळ्यांसमोर ओंजळ भरून प्यायलीस, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

"गोड आहे," तू म्हणालीस. "पहिल्यासारखंच गोड आहे."

मग प्रमोदला हाक मारलीस. तो आला. तू बादली वाकवलीस, त्यानं ओंजळ धरली आणि प्यायला. तू त्याच्याकडे पाहत होतीस. "हो, गोड आहे," तो म्हणाला. मग मी प्यायले, आणि मला ते खरंच गोड लागलं. मग गल्लीतली एक म्हातारी पुढे झाली, मग दुसरी. त्या उन्हाळ्यात आपल्या विहिरीनं अख्खी गल्ली जगवली. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बायका आधी तुला विचारायच्या. तू प्यायचीस, सांगायचीस, मग त्या गुंड भरायच्या.

आपलं भांडण त्या पाटीवरून. ग्रामपंचायतीनं विहिरीचं पाणी तपासून घेतलं, अहवाल चांगला आला, आणि विहिरीवर पाटी लावायची ठरली. रंगारी मिळेना. माझं अक्षर चांगलं म्हणून मला सांगितलं. मी पत्र्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं: पिण्यास योग्य. तू कमरेवर हात ठेवून वाचलंस.

"योग्य काऊन लिहिलं?"

"मग का लिहू?"

"गोड लिही. योग्य म्हंजे का, तू पोरायले पास करते तसं. पस्तीस मार्काचं पाणी."

मी म्हटलं, पाटीवर गोड लिहीत नाहीत, वैनी. योग्य तपासता येतं, ते सगळ्यांसाठी सारखं असतं. गोड ज्याच्यात्याच्या जिभेवर असतं. तू म्हणालीस, लोक पाटी वाचून पाणी प्यायले, की माझ्या जिभेवर विश्वास ठेवून? हे तुझं खरं होतं. पण माझंही खोटं नव्हतं. किती वर्षं चाललं हे आपलं. मी आले की तू पाटीकडे हात करून पस्तीस म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, पास तर आहे ना. एकदा मात्र मी विचारलं, "अन् कोणाले ते गोड नाई लागलं, तर? तर तो का म्हणन?" तू खुरपं उचललंस आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलीस. मला वाटलं, आज मी जिंकले.

मागच्या दिवाळीनंतर तुझा गळा धरला. दवाखाना जवळ पडावा म्हणून प्रमोदनं तुला माझ्याकडे पुलगावला आणून सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, पातळ द्या. मग माझ्या स्वयंपाकघरात तुझ्या शब्दांची पुन्हा शाळा भरली, पण ही वेगळी होती. वरणाचं पाणी, भाताची पेज, ताक, टमाट्याचं सार, मी एकेक करून आणायचे आणि तू चमचाभर तोंडात घेऊन थांबायचीस. खारट, आंबट, फिकं हे सगळं गळून पडलं होतं. दोनच शब्द उरले होते. "हे उतरते," तू म्हणायचीस, किंवा, "हे अडकते." ताक उतरायचं. पेज सकाळी उतरायची, संध्याकाळी अडकायची. पुढे पुढे बोलणंही कमी झालं, तू हाताचा पंजा खाली सोडायचीस किंवा गळ्याशी धरायचीस, आणि मला समजायचं.

माझ्या फिल्टरच्या पाण्याला तू पहिल्याच दिवशी मेलेलं म्हटलं होतंस. म्हणून मी प्रमोदला सांगून विहिरीचं पाणी मागवलं. तुला न सांगता. तो कॅन ठेवून गेला, मी ते गाळलं, तुझ्या पितळी पेल्यात घेतलं आणि दुपारी तुझ्यापाशी येऊन बसले. "ओळख पाहू," म्हटलं. तू चमचा तोंडात घेतलास. डोळे मिटलेस. मग तोंड भिंतीकडे वळवलंस आणि पाणी फडक्यात टाकून दिलंस.

"हे नको, कुंदा."

"अवं वैनी, घरचं आहे. गोड आहे."

तू भिंतीकडे तोंड ठेवूनच बोललीस. आवाज बसलेला होता, मला वाकून ऐकावं लागलं.

"मले ते गोड लागत नाई. तो गेल्यापासून एकदाई नाई लागलं."

मी विचारलं, मग त्या दिवशी बायकांना सांगितलं ते? तू म्हणालीस, खोटं नाई बोलली मी. त्यांना गोडच लागतं ना. तुला लागतं, प्रमोदला लागतं. पाणी गोडच आहे, म्हणून म्हटलं. त्याची विहीर धुण्याची होऊन राह्यली होती, ते मला पाहवलं नाही.

"अन् तुले? तुले कसं लागे?"

तू शब्द शोधलास. मी तुला शब्द शोधताना कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक पाण्याला तुझ्याकडे एक नाव तयार असायचं, आणि त्या दुपारी तुझे ओठ हलत राहिले आणि काही आलं नाही. शेवटी म्हणालीस, "वास येते त्याच्या दुपट्ट्याचा. घामाचा अन् ओल्या सांभाराचा. बजाराच्या दिवशी खांद्यावर जुड्या नेत होता न, तसा."

इतकी वर्षं, वैनी. इतकी वर्षं तू ते सगळ्यांसमोर पीत होतीस. मी म्हटलं, मग कशाला प्यायचीस? सोडून द्यायचं. घरी नळ होता.

"तेवढाच तर होता तो," तू म्हणालीस. "रोज एक घोट. आता गियता येत नाई, तर गळ्यात अडकते."

असल्या पाण्याला काय म्हणायचं, हे मी तुला विचारलं होतं. मास्तरीण आहे मी, मला प्रत्येक गोष्टीला शब्द हवा असतो. ते गोड नव्हतं, वाईट नव्हतं, प्यायचं होतं आणि प्यायचं नव्हतं. "सांगीन," तू म्हणालीस, आणि डोळे मिटलेस. सांगायचं राहूनच गेलं. मी आता वर्गात 'पाणी' लिहिते आणि त्याच्या आधीची जागा मला मोकळी दिसते.

शेवटच्या दिवसांत एकदा तू हातानं पाणी मागितलंस. माझ्यासमोर तीन पेले होते: फिल्टरचं, उकळून गार केलेलं, आणि कोणी आणून दिलेलं गंगाजल. मी विचारलं, "कोणतं देऊ?"

"कोणतंई," तू म्हणालीस. "प्याचं असलं म्हंजे झालं."

मी चमच्यानं फिल्टरचं पाणी दिलं. तुझ्या भाषेत पस्तीस मार्काचं. ते उतरलं. तुझा पंजा चादरीवर सैल पडला आणि तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मला अजून ठरवता येत नाही की ती नजर हसत होती की नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. प्रमोदनं ओठात तुळशीचं पान ठेवून गंगाजल सोडलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि उशीत जिरलं.

तुझ्यासाठी माझं रडून झालं आहे, असं मला वाटत होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जारची गाडी रिकामे जार न्यायला आली, आणि ती गेल्यावर प्रमोद मला वाडीत घेऊन गेला. त्याला विचारायचं होतं. नवी नळयोजना झाली, घरोघर पाणी आलं, गल्लीतल्या फार थोड्या बायका आता विहिरीवर येतात. मग बुजवून टाकावी का? वाफे वाढतील. आई होती म्हणून ठेवली होती, तो म्हणाला. आईला ते पाणी लागायचं.

चाक हललं. वारा नव्हता. कदाचित असेल, मी चाकाकडे पाहिलं नाही.

मी विचारलं, "प्रमोद, तुले कसं लागते रे हे पाणी?"

तो काठावर बसला. त्यानं सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं सांगते, कारण हे तुला माहीत नव्हतं. त्या दिवशी तू बादली वाकवलीस, त्यानंतर त्यानं ते पाणी कधी तोंडाला लावलेलं नाही. वाडीत येताना तो घरून बाटली भरून आणायचा आणि ती मोटारीच्या खोलीत लपवून ठेवायचा, तुला दिसू नये म्हणून.

"बाबाले मी वर आणलं होतं, आत्या. माह्या तोंडात गेलतं ते पाणी खाली. आईनं बलावलं, तिनं पाह्यलं माह्याकडं. नाई म्हटलं असतं तर कोणीच पेलं नसतं. आईले पाहिजे होतं म्हणून गोड म्हटलं."

"तिले वाटे तुले गोड लागते."

"वाटू दे न. तिले तं लागे गोड."

तू मला गप्प राहायला सांगितलं नव्हतंस, वैनी. सांग असंही म्हटलं नव्हतंस. मी त्याच्या शेजारी बसले. उन्हानं दगड तापला होता. वाटलं, राहू द्यावं. आई गोड पाणी पिऊन जगली, एवढं तरी त्याच्याकडे राहावं. पण मग तुम्ही दोघं दिसायला लागलात, एकाच वाडीत, एकाच विहिरीच्या दोन बाजूंना, एकमेकांसाठी खरं गिळत. मी म्हटलं, "नाई लागे. तिलेई नाई लागे." आणि मग दुपट्ट्याचं सांगितलं.

त्याचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली.

"सांभाराचा," तो म्हणाला. "मलेई येते."

आणि तो रडला. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि मला वाटतं, बाप गेल्यापासूनही पहिल्यांदाच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. विहिरीकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती. खाली कोणीतरी आहे आणि तेही ऐकत आहे, असं वाटत होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

तेवढ्यात रूपाली वाफ्यातून आली. सकाळपासून वांगी तोडत होती, चेहरा उन्हानं लाल झालेला. तिला आमचं काही माहीत नव्हतं. प्रमोदनं तोंड फिरवलं. ती थेट विहिरीवर गेली, बादली सोडली, ओढून काठावर ठेवली आणि वाकून पिऊ लागली. घटघट आवाज येत होता. एका हातानं बादली वाकवताना पाणी तिच्या कोपरांवरून, बांगड्यांवरून सांडत होतं. मी वाट पाहत राहिले, आता ती काय म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही. तिला तहान लागली होती, वैनी. तिनं श्वास घेतला आणि ओंजळ धरली, आणि प्रमोद उठला, काठावरची बादली उचलली आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतू लागला.